रेशीमकिड्यांचे रक्षक आगोस्तिनो बास्सी

जबलपूरच्या अधारताल भागात १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. तेथील कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, तसेच सोयाबीन, हरभऱ्यावरील अळ्यांनी त्रस्त शेतकऱ्यांना बिव्हेरिया बॅसियाना हे नाव अपरिचित नाही. कीटकांना मारणारी ही बुरशी जैविक कीडनाशक म्हणून बाजारात विकली जाते. मात्र जिच्या नावात आगोस्तिनो बास्सी यांचे नाव गुंफले आहे, त्या बुरशीला रोखण्यासाठीच ते अनेक वर्षे झटले होते.

बास्सी यांचा जन्म २५ सप्टेंबर १७७३ रोजी उत्तर इटलीतील लोदी शहराजवळ झाला. पाव्हिया विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले व लोदी येथे सरकारी नोकरी पत्करली. दृष्टी अधू होत गेल्याने ती सोडून ते शेतीकडे वळले. त्या काळी रेशीमकिड्यांवर एक रोग पडत असे. मेलेल्या अळ्या चुन्यासारख्या पांढऱ्या आणि कडक होत, रेशीम उत्पादकांचे अतोनात नुकसान होई.

१८०७ मध्ये बास्सी यांनी या रोगाचा शोध सुरू केला. अन्न किंवा हवामानामुळे तो अळीच्या शरीरातच उद्भवतो, असा त्यांचा समज होता. त्यांनी अळ्यांचे नाना हाल केले, पण रोग काही निर्माण झाला नाही. काही वर्षांनी ते निराश झाले. पुढे मृत अळीवरील पांढरी भुकटी निरोगी अळीला लागताच रोग जडतो, हे त्यांनी ओळखले. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू होते. अधू दृष्टीच्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली हा शोध लावला, हे विशेष.

१८३४ मध्ये पाव्हियाच्या प्राध्यापकांसमोर त्यांनी प्रयोग करून दाखवले आणि १८३५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा मानला जातो. पाश्चर आणि कॉख यांचे कार्य त्यानंतरचे. ८ फेब्रुवारी १८५६ रोजी लोदी येथे बास्सी यांचे निधन झाले.

१८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी ओडेसा येथे दुसरी एक बुरशी गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध वापरून पाहिली आणि रोगाचे रूपांतर औषधात करण्याची वाट खुली झाली. बिव्हेरियाचे बीजाणू किडीच्या त्वचेवर रुजून आत शिरतात. त्यांना ओलावा लागतो व प्रखर ऊन सोसत नाही, म्हणून फवारणी सायंकाळी केली जाते. तुतीच्या बागांजवळ मात्र ती टाळावी लागते, कारण रेशीमकिडे आजही या बुरशीला बळी पडतात.