शिक्षिका गॅब्रिएला मिस्त्राल

स्पॅनिश भाषेतील काव्यात दुःखाला मोठे स्थान आहे. त्याचे उदाहरण म्हणून चिली देशाच्या गॅब्रिएला मिस्त्राल यांचे नाव हमखास घेतात आणि लगेच एका प्रेमभंगाची गोष्ट सांगतात. आम्हा शिक्षकांना मात्र त्यांच्या चरित्रात दुसरीच दुःखे मोठी वाटतात.

त्यांचे खरे नाव ल्युसिला गोदॉय. जन्म ७ एप्रिल १८८९ रोजी एल्की खोऱ्यातील व्हिकुन्या गावी झाला. वडील शाळामास्तर आणि गाणी रचणारे. मुलगी तीन वर्षांची असताना ते घर सोडून गेले. सावत्र बहीण एमेलिना ही मॉन्तेग्रांदे खेड्यात शिक्षिका होती. तिने घर सांभाळले आणि धाकटीला अक्षरओळख करून दिली.

पुढे व्हिकुन्याच्या शाळेत ल्युसिलाकडे कागद वाटण्याचे काम आले. मुली मागतील तितके कागद उचलत. साठा संपला तेव्हा चोरीचा आळ तिच्यावर आला आणि मुलींनी तिला दगड मारले. पोर इतकी लाजरी, की आपली बाजूही तिला मांडता आली नाही. अशी मुकी मुले आपल्याही वर्गात असतात, आणि घाईच्या दिवशी आपणही त्यांना चुकीचे समजतो.

पंधराव्या वर्षी ती साहाय्यक शिक्षिका झाली. अध्यापक विद्यालयात जाण्याची सर्व तयारी झाली होती. पण वर्तमानपत्रातील तिचे लेख धर्माला धरून नाहीत, असा तेथील पाद्रीबुवांनी आक्षेप घेतला आणि ते दार बंद झाले. १९१० साली सान्तियागोत परीक्षा देऊन तिने शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले. तरीही १९२१ साली राजधानीतील मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापिकापद मिळाले, तेव्हा पदवी नाही म्हणून गदारोळ झालाच. आम्ही प्रशिक्षण घेतलेली माणसे. हा सल आम्हाला प्रेमभंगाहून लहान वाटत नाही.

आता ती प्रेमाची गोष्ट. रोमेलिओ उरेता या रेल्वे कर्मचाऱ्याने १९०९ साली आत्महत्या केली. त्याच्या खिशात ल्युसिलाचे कार्ड सापडले. लोकांनी त्यावरून दंतकथा रचली. वास्तविक दोघांचे नाते आधीच तुटले होते, आणि त्याच्यावर रेल्वेच्या पैशांच्या भरपाईचे संकट आले होते. मृत्यूवरील तीन सुनीतांना १९१४ साली सान्तियागोच्या काव्यस्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, आणि गॅब्रिएला मिस्त्राल हे टोपणनाव देशभर झाले.

१९१८ साली त्यांची नेमणूक चिलीच्या अगदी दक्षिण टोकाला, पुंता आरेनास येथे झाली. आपल्यासारखे नव्हे, तिकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा, आणि तो बर्फाचा, वाऱ्याचा आणि लांब रात्रींचा. तिथून त्या तेमुको येथे गेल्या. तेथे एका किशोरवयीन कवीला त्यांनी रशियन कादंबऱ्या वाचायला दिल्या. तोच पुढे पाब्लो नेरुदा म्हणून प्रसिद्ध झाला.

'देसोलासियोन', म्हणजे उजाडपणा, हा त्यांचा पहिला संग्रह १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये निघाला. त्यासाठी पुढाकार तेथील स्पॅनिश शिकवणाऱ्या शिक्षकांनी घेतला होता! आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या कवितांवरील त्यांचे चिंतनही त्यात आहे. त्याच वर्षी शाळा-सुधारणेच्या कामासाठी मेक्सिकोने त्यांना बोलावले. १९२४ साली 'तेर्नुरा' आला, म्हणजे माया. त्यात अंगाईगीते आणि मुलांनी फेर धरून म्हणायची गाणी आहेत. ज्या बाईंना स्वतःचे मूल नव्हते, त्यांनी ती लिहिली.

एक मुलगा मात्र त्यांनी वाढवला होता. हुआन मिगेल हा सावत्र भावाचा मुलगा, लाडाने यिन यिन. १९४३ साली ब्राझीलमधील पेत्रोपोलिस येथे त्या वाणिज्यदूत असताना हा कोवळा तरुण विषाने गेला. त्याने स्वतः विष घेतले, हे त्यांनी कधी मानले नाही. दोन वर्षांनी, १९४५ साली, नोबेल पारितोषिक मिळाले. लॅटिन अमेरिकेतील साहित्यिकाला मिळालेले ते पहिलेच. स्टॉकहोमला त्या गेल्या, पण मुलाचे दुःख सरले नव्हते. स्वदेशाने राष्ट्रीय साहित्य पुरस्कार दिला तो त्यानंतर, १९५१ साली. उशीर झाला, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

१० जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कजवळ कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे १९६० साली त्यांचा देह मॉन्तेग्रांदेला नेऊन पुरण्यात आला. दक्षिण अमेरिकेतील आपल्या पुस्तकांचे मानधन त्यांनी मृत्युपत्राने त्याच खेड्यातील मुलांना दिले होते.