ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तकांपैकी एक शिक्षणतज्ज्ञ होत्या. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी वस्तीच्या सहभागातून चालणाऱ्या बालशिक्षणाचे प्रयोग केले. अंगणवाडी ही संकल्पना त्यांच्या कार्यातून रूढ झाली.

प्रारंभिक जीवन

त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात त्या वाढल्या. १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते दोघे विभक्त झाले. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून काम केल्यावर त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्यासाठी या दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकाचे संपादनही ताराबाईंनी केले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

बोर्डी येथील कार्य

शहरी मध्यमवर्गापुरते राहिलेले बालशिक्षण खेड्यातील गरीब मुलांपर्यंत नेण्यासाठी १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे हे गाव आधीच परिचित होते. अनुताई वाघ याच काळात त्यांच्या सहकारी झाल्या.

दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात भरवण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे येथपासून दिवसाची सुरुवात होई. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचा उपयोग केला जाई. शिक्षण डोळ्यांसमोर चालत असल्याने पालकांचा संकोच कमी झाला. स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हे काम त्यांच्याकडे सोपवण्यावर भर होता.

कोसबाड येथील प्रयोग

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. परिसरातील वारली मुलांच्या गैरहजेरीमागे घरची कामे होती. मुले गुरे राखत आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यामुळे शाळेच्या वेळेपेक्षा मुलांच्या दिनक्रमाला प्राधान्य देण्यात आले. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊन शिकवत. या उपक्रमास कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी ही योजनाही येथेच आकारास आली. भावंड पाळणाघरात राहिल्याने मोठ्या मुलीला वर्गात बसणे शक्य झाले. प्राथमिक शाळेतील गळती रोखण्यासाठी मुलांबरोबर त्यांच्या कुटुंबाचाही विचार करावा लागतो, हे या प्रयोगांचे मुख्य सूत्र होते.

सन्मान आणि वारसा

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांच्या निधनानंतर अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य पुढे चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि बोर्डीच्या वस्तीत रुजलेला हा शब्द देशभर पोहोचला.