विश्लेषण : महाभारत, बौद्ध कथा मुलांनी रंगमंचावर का आणाव्यात? रवींद्रनाथांचा शांतिनिकेतनमधील प्रयोग काय होता?

अभिजात साहित्य म्हटले की शब्दार्थ, संदर्भासह स्पष्टीकरण आणि परीक्षेतील गुण आठवतात. रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या शाळेत वेगळी वाट धरली. तिथे मुले जुन्या कथा गात, नाचत, अभिनय करत शिकली. या वाटेवर त्यांना टीका सोसावी लागली आणि उतारवयात निधीसाठी गावोगाव फिरावेही लागले.

शाळेशी पटले का नाही?

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोरासांको येथील वाड्यात झाला. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या, पण मन कुठेच रमले नाही. शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. १८७३ मध्ये वडील देवेंद्रनाथ त्यांना हिमालयात डलहौसीला घेऊन गेले. संस्कृतचे धडे आणि आकाशातील ताऱ्यांची ओळख तिथे वडिलांकडूनच झाली.

नाटकाचे वातावरण घरातच होते. १८८१ मध्ये त्यांनी ‘वाल्मीकिप्रतिभा’ हे गीतनाट्य लिहिले. दरोडेखोराचा कवी कसा झाला, ही त्याची कथा. घरच्यांनीच केलेल्या या प्रयोगात वाल्मीकी स्वतः रवींद्रनाथ होते.

शाळेची सुरुवात कशी झाली?

२२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनमध्ये अवघ्या पाच विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. खर्चासाठी पत्नी मृणालिनीदेवींनी दागिने दिले. वर्षभरातच, नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळा मात्र थांबली नाही.

वर्ग झाडाखाली भरत आणि नाटक हा शिक्षणाचाच भाग होता. १९०८ मधील ‘शारदोत्सव’ हे नाटक विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहिले होते. तालमी पाहायला मुलांना मुभा असे. त्यामुळे भूमिका न मिळालेल्या मुलांनाही गाणी आणि संवाद ऐकून ऐकून पाठ होत.

कथा कुठून घेतल्या?

राजेंद्रलाल मित्र यांनी नेपाळमधील संस्कृत बौद्ध ग्रंथांची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध केले होते. रवींद्रनाथांना त्यात कथांचा खजिनाच सापडला. ‘नटीर पूजा’चे मूळ अवदानशतकात, ‘चांडालिका’चे शार्दूलकर्णावदानात, तर ‘श्यामा’चे महावस्तूत आहे. ‘चित्रांगदा’ महाभारतातून आली.

मूळ कथा मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली नाही. ‘चांडालिका’ १९३३ मधील, म्हणजे अस्पृश्यतेचा प्रश्न देशभर पेटलेला असतानाची. भिक्षू आनंद एका चांडालकन्येकडे पाणी मागतो आणि आपणही माणूस आहोत हे तिला उमगते. रवींद्रनाथांनी नाटकाचा भर तिच्या या जाणिवेवर दिला. शतकानुशतके जुनी कथा मुलांना त्यांच्या काळाची वाटावी, यासाठी हा बदल महत्त्वाचा ठरला.

वाद कशावरून होता?

१९१९ मध्ये सिल्हेट येथे रवींद्रनाथांनी मणिपुरी नृत्य पाहिले. त्यानंतर शांतिनिकेतनमध्ये नृत्यशिक्षक आले. मात्र सुशिक्षित घरातील मुलींनी लोकांसमोर नाचणे त्या काळी अनेकांना मान्य नव्हते.

१९२६ मध्ये ‘नटीर पूजा’ रंगमंचावर आले. त्यात सगळ्या भूमिका स्त्रियांच्या होत्या. अजातशत्रूच्या राज्यात स्तूपाच्या पूजेला बंदी आहे. राजनर्तकी श्रीमतीला त्याच जागी नाचण्याचा हुकूम होतो. ती नाचता नाचता दागिने उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते आणि तिला प्राण गमवावे लागतात. श्रीमतीची भूमिका चित्रकार नंदलाल बोस यांची कन्या गौरी यांनी केली.

पुढील वर्षी कोलकात्यातील प्रयोगावेळी रवींद्रनाथांनी उपाली या भिक्षूचे नवे पात्र लिहिले आणि वयाच्या ६५व्या वर्षी ते स्वतः रंगमंचावर उतरले. मुलींवर होणारी टीका आपल्या उपस्थितीने बोथट व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

आशियाशी नाते कसे जुळले?

१९२७ मध्ये ते जावा आणि बालीला गेले. रामायण-महाभारत तिथे नृत्यातून जिवंत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यांच्या पुढील नृत्यनाट्यांवर या प्रवासाचा ठसा आहे. १९३७ मध्ये शांतिनिकेतनमध्ये चीनी भवन सुरू झाले. चिनी भाषा आणि साहित्याच्या अभ्यासाची तिथे सोय झाली.

किंमत काय मोजावी लागली?

संस्थेकडे पैसा नेहमीच अपुरा असे. १९३६ मध्ये पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले रवींद्रनाथ विद्यार्थ्यांना घेऊन ‘चित्रांगदा’चे प्रयोग करत उत्तर भारतात फिरत होते. दिल्लीत महात्मा गांधींना हे पाहून वाईट वाटले. त्यांनी ६० हजार रुपयांची व्यवस्था केली आणि दौरा थांबवायला लावला.

आज काय उरले?

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांचे निधन झाले. १९५१ मध्ये विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मराठी वाचकांना तिथले वातावरण परिचित आहे ते पु. ल. देशपांडे यांच्यामुळे. बंगाली शिकण्यासाठी ते पन्नाशीत तिथे जाऊन राहिले होते.

झाडाखालचा वर्ग प्रत्येक शाळेला शक्य नाही. पण धड्यातील एक प्रसंग निवडणे, मुलांना भूमिका वाटून देणे आणि तालीम सगळ्या वर्गासमोर घेणे, याला फारसा खर्च येत नाही.