विश्लेषण : अमेरिकेतील मुले फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांचा इतिहास का शिकतात? कार्टर वुडसन यांनी हे कसे घडवले?

फेब्रुवारी आला की अमेरिकेतील शाळांच्या भिंतींवर हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची चित्रे लागतात आणि मुले त्यांच्यावरचे प्रकल्प घरी घेऊन येतात. तिथल्या मराठी घरांतही हा अभ्यास दरवर्षी पोहोचतो. आपल्याकडे कार्व्हर ठाऊक आहेत ते वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. पण लहान मुलांना हा इतिहास शिकवण्याची प्रथा ज्यांनी रुजवली, ते कार्टर वुडसन अमेरिकेत प्रसिद्ध असूनही मराठी वाचकांना फारसे परिचित नाहीत.

वुडसन कोण होते?

कार्टर गॉडविन वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनियातील न्यू कँटन येथे झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. (याच घटनेसाठी तिथल्या लोकांचे ऋण मानत जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांना अर्पण केला होता.) वुडसन यांचे आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. वडील यादवी युद्धाच्या काळात मालकाच्या तावडीतून निसटले आणि त्यांनी उत्तरेच्या सैन्याला मदत केली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरची थोडी शेती, शाळा वर्षातून काही महिनेच भरणारी आणि तिथे शिकवायला आईचे दोन भाऊ. घरी आल्यावर वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे कार्टरचे काम होते.

खाणीत त्यांना इतिहास कसा भेटला?

१७-१८ वर्षांचे असताना वुडसन पश्चिम व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत कामाला लागले. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचे खाणकामगार होते, यादवी युद्धात लढलेले. काम सुटले की कामगार त्यांच्या घरी जमायचे. तिथे फळे, आइस्क्रीम मिळे आणि गप्पा रंगत. जोन्स यांनी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके जमवली होती, कृष्णवर्णीय संपादकांची वर्तमानपत्रे ते मागवत. पण त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. वुडसन यांना वाचता येते हे कळल्यावर सौदा ठरला : वुडसन यांनी वाचून दाखवायचे आणि खाण्याचे पैसे द्यायचे नाहीत.

वाचन संपले की चर्चा सुरू होई. जमलेल्यांपैकी अनेक जण युद्ध पाहिलेले. कोण कुठे लढला, कोण कसा पळाला, कोणत्या पुढाऱ्याने कुणाची बाजू घेतली, हे तिथे बोलले जाई. शाळेच्या पुस्तकात यातले काहीच नव्हते. पुढे हार्वर्डला जाऊनही आपल्या इतिहासप्रेमाचे मूळ वुडसन यांनी या घरात असल्याचे सांगितले, यात नवल नाही.

विसाव्या वर्षी ते हायस्कुलात दाखल झाले आणि दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण झाले. त्यानंतर बेरिया कॉलेज, फिलिपिन्समध्ये शिक्षकाची नोकरी, शिकागो विद्यापीठ आणि १९१२ मध्ये हार्वर्डची इतिहासातील डॉक्टरेट. ही पदवी मिळवणारे ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यानंतरचे दुसरेच कृष्णवर्णीय. मात्र कृष्णवर्णीयांना सांगण्याजोगा इतिहासच नाही, ही समजूत त्या काळी विद्यापीठांतही रुजलेली होती. वुडसन यांचे उरलेले आयुष्य ती खोडण्यात गेले.

आठवडा आणि तोही फेब्रुवारीतच का?

१९१५ मध्ये त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली, पुढच्याच वर्षी संशोधनपत्रिका. हॉवर्ड विद्यापीठात अधिष्ठाता झाले. पण तिथल्या प्रमुखांशी खटके उडाल्याने वर्षभरात बाहेर पडले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पहिला ‘निग्रो इतिहास सप्ताह’ जाहीर केला. (‘निग्रो’ हा शब्द तेव्हा रूढ होता, आज तो टाळला जातो.) अब्राहम लिंकन यांचा जन्मदिन १२ फेब्रुवारी आणि गुलामीतून पळून थोर वक्ते झालेल्या डग्लस यांचा १४ फेब्रुवारी. हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय वस्त्यांत आधीपासूनच साजरे होत. लोक जमतातच, तर तेव्हाच इतिहास सांगावा, हा वुडसन यांचा व्यवहारी हिशेब होता.

मुलांसाठी त्यांनी काय केले?

सप्ताहासाठी संस्था शिक्षकांना साहित्याचे संच पाठवू लागली. त्यात चित्रे, पाठांचे आराखडे, मुलांनी बसवायच्या नाटुकल्या असत. १९२८ मध्ये त्यांनी आफ्रिकेतील लोककथांचे पुस्तक मुलांसाठी काढले. हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलाला पहिल्याच दिवशी साखळदंड आणि चाबूक दाखवला, तर आपले पूर्वज म्हणजे केवळ मार खाणारी माणसे, असे त्याच्या मनात बसते. वुडसन गोष्टी सांगणाऱ्या, राज्ये चालवणाऱ्या, लोखंड घडवणाऱ्या आफ्रिकेपासून सुरुवात करत. शिक्षण माणसाला स्वतःविषयी कमीपणा कसा शिकवते, यावर त्यांनी १९३३ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. १९३७ पासून शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियतकालिक सुरू झाले. त्यामागे मेरी मॅक्लिओड बेथून यांचा आग्रह होता.

दक्षिणेत हे शिकवणे जोखमीचे होते. लुइझियानातील एका शिक्षिकेची हकीकत नोंदलेली आहे : टेबलावर सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम उघडा आणि मांडीवर वुडसन यांचे पुस्तक. ती मांडीवरचे वाचून शिकवायची. मुख्याध्यापक दारात आले की नजर टेबलावर.

मोठ्या देणगीदार संस्थांनी १९३० च्या दशकात हात आखडता घेतला. तरी आपली संस्था एखाद्या कॉलेजात विलीन करायला वुडसन तयार झाले नाहीत. शिक्षक, चर्च आणि सामान्य वर्गणीदारांच्या छोट्या रकमांवर काम चालले. त्यांनी लग्न केले नाही. वॉशिंग्टनमधील नाइन्थ स्ट्रीटवरच्या घरात खाली कार्यालय आणि वर त्यांचा मुक्काम, असे ते शेवटपर्यंत राहिले.

घरी मुलांसोबत काय करता येईल?

वुडसन यांची रीत घरातही चालते, कारण ती घरातूनच आली होती. टबमन मेरीलँडमधून पळाल्या तेव्हा उत्तर दिशा दाखवायला ध्रुवतारा होता. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला वर येत असतात. मुलाला गच्चीवर नेऊन त्यांच्या आधाराने ध्रुव शोधायला लावावे. हात लांब करून मूठ धरली, तर महाराष्ट्रात तो क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा कमी उंचीवर दिसतो, मेरीलँडमध्ये जवळपास चार मुठी. ढगाळ रात्री टबमन काय करत असतील, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. भुईमुगाचे रोप मिळाले तर मुळांवरच्या गाठी दाखवाव्यात. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे कार्व्हर का सांगत, ते त्या गाठींत आहे. पुठ्ठ्याचा सिग्नल करताना गॅरेट मॉर्गन यांचे नाव सांगता येईल. तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचे पेटंट त्यांना १९२३ मध्ये मिळाले. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढे पुरे. विक्री, ताटातूट, मारहाण हे लपवू नये. पण मूल विचारेल तेव्हा, विचारेल तेवढेच सांगावे.

आठवड्याचा महिना कधी झाला?

वुडसन यांचे ३ एप्रिल १९५० रोजी निधन झाले. त्यांनी हाती घेतलेला आफ्रिकाविषयक ज्ञानकोश अपुराच राहिला. १९७६ मध्ये सप्ताहाचा महिना झाला, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये १९८७ पासून हा महिना ऑक्टोबरमध्ये पाळला जातो. एका महिन्यापुरताच इतिहास का, ही तक्रार अमेरिकेत दर फेब्रुवारीत होते. खुद्द वुडसन यांनाही वर्षभर तो शिकवला जायला हवा होता आणि सप्ताहाची गरजच उरू नये, अशी त्यांची इच्छा होती. नाइन्थ स्ट्रीटवरचे त्यांचे घर आता राष्ट्रीय स्मारक आहे.