कोल्हापूरचे डॉ. घाटगे आणि त्यांचं 'किरण'

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये 'बाउंडरी लेयर' आला की प्रांट्ल हे नाव येतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. पण जर्मनीत गटिंगेनला याच प्रांट्ल यांच्या हाताखाली एक मराठी माणूस शिकला, हे किती जणांना माहीत आहे?

डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म २४ ऑक्टोबर १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूरचंपू हे गाव. १९३६ साली डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले. गंमत म्हणजे तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता! वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली ती डिसेंबर १९४० मध्ये. घाटगे तिथे गेले आणि १९४१ साली त्यांनी आखलेलं ग्लायडर उडालं. स्वातंत्र्यानंतर, ५ ऑगस्ट १९५१ रोजी, त्यांचं दोन आसनी शिकाऊ विमान 'एचटी-२' आकाशात गेलं.

मी पेणचा. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात आधी मातीची मूळ मूर्ती घडते, तिच्यावरून साचा निघतो आणि मग शेकडो मूर्ती होतात. माझा रूममेट रोह्याचा. तो म्हणतो, केमिकल कंपन्यांतही आधी छोटा पायलट प्लांट, मग मोठा. घाटगे यांची रीतही अशीच पायरीपायरीची. आधी बिनइंजिनाचं ग्लायडर, मग पंख्याचं विमान आणि मग जेट.

ते जेट म्हणजे 'किरण'. पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कुठे चुकतो ते शिक्षकाला लगेच दिसतं. पुढे याच सांगाड्यावर 'किरण मार्क-२' झालं, १९७६ साली उडालं. इंजिन जास्त ताकदीचं, नाकात दोन मशीनगन, पंखांखाली बॉम्ब, रॉकेट किंवा इंधनाच्या टाक्या. म्हणजे एकाच विमानावर उडायला शिका, नेमबाजी शिका आणि वेळ पडली तर हलका हल्लाही करा. हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाने १९९६ ते २०११ याच मार्क-२ वर कसरती केल्या.

त्याच काळात त्याच कारखान्यात कुर्ट टँक यांचं 'मरुत' हे लढाऊ विमान तयार झालं. १९७१ च्या युद्धात राजस्थान सीमेवर त्याने जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले केले. हवाई झुंजीत एकही मरुत पडलं नाही. पण हव्या त्या ताकदीचं इंजिन त्याला कधीच मिळालं नाही आणि ठरवलेला वेग गाठता आला नाही. किरणचं तसं झालं नाही, कारण ते मिळणाऱ्या इंजिनाच्या मापातच आखलं होतं. मला घाटगे यांचा खरा मोठेपणा इथे वाटतो. हातात काय आहे ते ओळखून त्यांनी पूर्ण होईल असंच काम हाती घेतलं, आणि पूर्ण केलं.

१९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले.

इंजिनाचं दुखणं मात्र अजून तसंच आहे. आपलं 'तेजस' आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. घाटगे परतले तेव्हा देशात कारखानाच नव्हता. आज कारखाने आहेत, इंजिन नाही. मेकॅनिकल आणि मेटलर्जीवाल्यांनो, हा पेपर अजून कोणी सोडवलेला नाही. बघा, जमतंय का!