तपकिरीच्या डबीपासून राजदरबारापर्यंत : रोझाल्बा कॅरिएरा

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की आपण आयर्लंडकर त्यांना एकदा तरी न्यूग्रेंज दाखवायला नेतोच. पाच हजार वर्षांपूर्वीची ती दगडी समाधी बघून झाली, की खालची बॉइन नदी दाखवायची, १६९० च्या लढाईची गोष्ट सांगायची आणि मग डबा उघडायचा, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. त्या लढाईत लढलेल्या गुस्तावस हॅमिल्टनला पुढे व्हायकाउंट बॉइन हा किताब मिळाला. त्याच्याच नावाच्या नातवाचे, म्हणजे दुसऱ्या व्हायकाउंट बॉइनचे चित्र माझ्या पाहण्यात आले आणि मी थबकलेच. विशीतला गोरापान तरुण, डोक्यावर तिकोनी हॅट, अंगावर व्हेनिसच्या कार्निव्हलचा काळा पेहराव. चित्रकार कोण म्हणून पाहिले, तर एक बाई! तिचे नाव रोझाल्बा कॅरिएरा.

१६७३ साली व्हेनिसमध्ये एका साध्या कारकुनाच्या घरी ती जन्मली. आई लेस विणायची. रोझाल्बा आणि तिच्या दोन बहिणीही सुरुवातीला तेच काम करत, असे सांगतात. त्या काळी युरोपातल्या बड्या लोकांना तपकिरीचे भारी वेड होते. (आपल्याकडच्या आजोबांची डबी आठवा!) त्या डब्यांच्या झाकणावर बारीक चित्रे काढून घेण्याची हौस होती. रोझाल्बाने ही चित्रे काढायला घेतली आणि तिथून तिचे नशीब पालटले.

फोटो नव्हते तेव्हा तळहातावर मावणारे व्यक्तिचित्र हीच आठवण. ते लॉकेटमध्ये घालायचे, परगावी जाताना बरोबर न्यायचे. राजघराण्यांत तर लग्न ठरवतानाही अशी चित्रे धाडत, आपल्याकडे स्थळाला फोटो पाठवतात तशीच. ही चित्रे पूर्वी चर्मपत्रावर काढत. रोझाल्बाने हस्तिदंताचा पातळ तुकडा घेतला आणि त्यावर पाण्यातले रंग इतके विरळ लावले, की गालाच्या गुलाबी रंगाखालून हस्तिदंताची झाक दिसावी आणि कातडी जिवंत वाटावी. हस्तिदंतावर रंग धरत नाही, थेंब घसरतो. त्यामुळे सगळे काम केसाएवढ्या बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी करायचे. १७०५ मध्ये हातात कबुतर घेतलेल्या मुलीचे असेच एक चित्र पाठवून तिने रोमच्या चित्रकार अकादमीचे सभासदत्व मिळवले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक व्हेनिसला आला, तेव्हा त्याने तिथल्या सुंदर स्त्रियांची लघुचित्रे तिच्याकडूनच करून घेतली.

पुढे ती पेस्टलकडे, म्हणजे रंगीत खडूंच्या कामाकडे वळली. १७२० साली ती आई आणि बहिणींना घेऊन पॅरिसला गेली. दहा वर्षांच्या पंधराव्या लुईचे चित्र काढायला बसली असताना काय झाले, हे तिने रोजनिशीत टिपून ठेवले आहे. बालराजाची बंदूक पडली, पोपट मेला आणि लाडकी कुत्री आजारी पडली! त्याच वर्षी फ्रेंच राजअकादमीने तिला सभासद करून घेतले. पुढे मोदेना आणि व्हिएन्नाच्या दरबारातही तिने काम केले. सॅक्सनीच्या तिसऱ्या ऑगस्टसने तर तिची दीडशेवर पेस्टल चित्रे जमवून ड्रेस्डेनमध्ये ठेवली. पण ती कुठल्याच दरबारात कायमची राहिली नाही. लग्न केले नाही, व्हेनिसच्या ग्रँड कालव्यावरचे आपले घर सोडले नाही. राजेरजवाडेच तिच्या दारी येत. धाकटी बहीण जोव्हाना तिच्या कामात मदत करी, घरही सांभाळी. अशा बहिणींची नावे इतिहासात तळटिपेत येतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आपला बॉइन तिच्यासमोर बसला तो १७३०-३१ च्या सुमारास. तिकडे पुण्यात तेव्हा शनिवारवाडा बांधला जात होता. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून रोझाल्बा चेहरे थोडे उजळ करी, असे समीक्षक म्हणतात. करतही असेल, पोटाचा व्यवसाय होता. पण साधारण त्याच सुमारास तिने स्वतःचे चित्र काढले ते हिवाळ्याच्या रूपात. पांढरे केस, गळ्याशी पांढरी फर, चेहऱ्यात काहीही सुधारणा नाही. ती रूपाने बेतास बात होती हे लोक बोलत, आणि तिला ते ठाऊक होते. मला तिची हीच चित्रे सर्वांत आवडतात.

त्या दशकाच्या अखेरीस जोव्हाना गेली, पाठोपाठ आईही. मग डोळे अधू होऊ लागले. सगळे आयुष्य केसाएवढ्या रेघांवर उभे होते, तिचे डोळे! १७४९ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी भूल देत नसत. थोडे दिवस दिसू लागले, आणि मग कायमचा अंधार झाला. १७५७ च्या एप्रिलमध्ये ती गेली.

त्याआधी, १७४६ च्या सुमारास तिने स्वतःला पुन्हा एकदा रंगवले होते. डोक्यावर पानांची माळ, ओठ मिटलेले, नजर कोणाकडेच नाही. ते चित्र व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात आहे. त्याच १७४६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आपला व्हायकाउंट बॉइनही वारला. तिने रंगवलेला तो विशीतला तरुण मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अजून कार्निव्हलच्या वेषातच आहे.