तारकापेशींची ओळख पटवणारा शास्त्रज्ञ

पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू होऊन दहा वर्षे झाली होती, तेव्हा १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया या खेड्यात सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शस्त्रवैद्य असलेल्या वडिलांना ते मान्य नव्हते. वडिलांनी मुलाला स्मशानातून आणलेली हाडे रेखाटायला लावली आणि त्यातूनच त्याला शरीरशास्त्राची गोडी लागली. पुढे लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबात गेलेले काहाल हिवतापाने खंगून मायदेशी परतले.

१८८७ मध्ये इटलीच्या गोल्जी यांची पेशी रंगवण्याची पद्धत त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यात सुधारणा करून त्यांनी चेतापेशी परस्परांपासून स्वतंत्र असतात, असे दाखवून दिले. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

१९१३ मध्ये सोने व पारा यांच्या क्षारांचा वापर करून त्यांनी मेंदूतील ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, म्हणजेच ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’, ठळकपणे रंगवण्याची पद्धत शोधली. त्याच सुमारास मज्जासंस्थेच्या जखमांवरील त्यांचा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रौढ मेंदूतील तुटलेले तंतू वाढू पाहतात, पण लवकरच थांबतात, असे त्यांना आढळले होते. मात्र त्यांचे शिष्य तेयो यांनी सशाच्या मेंदूत हातापायांकडे जाणाऱ्या चेतांसारख्या चेतेचा तुकडा बसवला, तेव्हा तंतू त्यात शिरले. अडचण केवळ तंतूंत नाही, भोवतालच्या परिसरातही आहे, हा त्याचा अर्थ होता.

तारकापेशी याच परिसराचा भाग आहेत. डोक्याला मार बसल्यावर त्या फुगतात, वाढतात आणि जखमेभोवती व्रण तयार करतात. हा व्रण दुरुस्तीच्या आड येतो, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१६ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूवरील प्रयोगांत तो तंतूंच्या वाढीस साहाय्य करतो, असे दिसले. दुखापतीनंतर या पेशींतील एक प्रथिन रक्तात उतरते. ते मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सौम्य मार लागलेल्या रुग्णाला सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवण्यास ती मदत करते. या पेशींकरवी मेंदूची जखम भरून काढणारे औषध मात्र अद्याप रुग्णांच्या हाती आलेले नाही.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये काहाल यांचे निधन झाले. दुचाकीवरून पडून बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येणाऱ्या तरुणासाठी आज डॉक्टर ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत, तो प्रश्न काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वीच स्पष्टपणे मांडून ठेवला होता.